'हटवा' म्हणजे नेमकं काय करा?

(नाशिककरांची चर्चा. बोलणारे आपापल्या भागाच्या नावाने ओळखले जातात.)

पंचवटी :
आमच्या गटाने जुनी मराठी नियतकालिकं स्कॅन करून साठवायला घेतली आहेत. साठवण विकेंद्रित आहे. फाईल आधी कूटबद्ध होते, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येत नाही, मग तिचे तुकडे होऊन ते निरनिराळ्या लोकांच्या घरच्या संगणकांवर जातात, आणि त्या बदल्यात इतरांचे तुकडे आमच्या डिस्कवर येतात. आमच्या एका सभासदाला नोटीस आली आहे : 'सदर मजकूर तात्काळ हटवावा, अन्यथा आपणांस जबाबदार धरण्यात येईल.' त्याच्या डिस्कवर जे आहे त्याला 'मजकूर' म्हणायचं का? आणि 'हटवावा' याचा अर्थ काय घ्यायचा? उत्तर मराठीतच पाठवायचं आहे.

जुने सीबीएस :
दादा, मी इथल्या जिल्हा न्यायालयात लागणाऱ्या कागदपत्रांची भाषांतरं करते. 'हटवणे' हे क्रियापद अशा नोटिशींत सरसकट येतं आणि त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होतात. माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००, याच्या कलम ७९ मध्ये, म्हणजे दुसऱ्यांची सामग्री साठवणाऱ्या मध्यस्थाला संरक्षण देणाऱ्या कलमात, दोन्हींचा स्वतंत्र उल्लेख आहे : एक, सामग्री काढून टाकणं, दुसरी, तिच्यापर्यंतची पोहोच बंद करणं. मध्ये 'किंवा' आहे. मराठीत आपण दोन्हींना 'हटवा' म्हणतो आणि तो 'किंवा' गळून पडतो. ज्याच्याकडे पूर्ण फाईल आहे तो ती काढू शकतो. ज्याच्याकडे फक्त दुवा आहे तो पोहोच बंद करू शकतो, काढू काहीच शकत नाही.

प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा, १९५७, तर याहून नेमका आहे. कलम ५२(१)(ग) मध्ये मालकाची लेखी तक्रार आली की पोहोच करून देण्यापासून २१ दिवस, किंवा न्यायालयाचा आदेश येईपर्यंत, दूर राहायचं असं म्हटलं आहे. 'नष्ट करा' असं त्यात कुठेही नाही. २१ दिवसांत आदेश आला नाही तर पोहोच पुन्हा सुरू करता येते. नष्ट करून टाकलेली गोष्ट कुठून परत आणणार? २०१३ च्या प्रताधिकार नियमांत पोहोच बंद करण्यासाठी ३६ तासांची मुदत आहे, पण तक्रारीत काय असलं पाहिजे हेही सांगितलं आहे : कोणती कृती, मालकीचा आधार, प्रत कुठे आहे, आणि २१ दिवसांत दावा दाखल करण्याची हमी. तुमच्या नोटिशीत 'सदर' हा एकच शब्द या सगळ्याची जागा अडवून बसला आहे. सदर म्हणजे कोणता अंक, कोणतं पान?

एक सावधगिरी. हे कलम क्षणिक किंवा आनुषंगिक, म्हणजे दुसरं काही करताना ओघाने होणाऱ्या, साठवणीपुरतं आहे. महिनोन्‌महिने जपून ठेवलेला तुकडा 'आनुषंगिक' ठरेलच असं मी म्हणणार नाही. वकिलांना दाखवाच.

नाशिक रोड :
तांत्रिक बाजूने जोडतो. ताहो-एलएएफएस नावाच्या प्रणालीत नेहमीची मांडणी अशी असते : फाईलचे १० तुकडे, त्यांतले कोणतेही ३ मिळाले की फाईल उभी राहते. म्हणजे एका सभासदाने आपला तुकडा पुसला तरी फाईल जशीच्या तशी मिळते. ती खरोखर नाहीशी व्हायला ८ जणांनी पुसायला हवं, आणि ते ८ जण कोण हे त्या बिचाऱ्याला माहीत असेलच असं नाही. किल्ली त्याच्याकडे नसेल तर तुकड्यात काय आहे हेही त्याला वाचता येत नाही. आयपीएफएस या दुसऱ्या विकेंद्रित प्रणालीत पत्ता फाईलच्या आशयावरूनच काढलेला असतो. तीच फाईल दुसऱ्या किल्लीने कूटबद्ध केली की पत्ता पार वेगळा. त्यामुळे एखादा पत्ता काळ्या यादीत टाकला तर तेवढीच प्रत अडते, कृती अडत नाही.

मला 'मजकूर' हा शब्द इथे चुकीचा वाटतो. वाचता येतो तो मजकूर. 'कूटबद्ध तुकडा' म्हणावं.

कॉलेज रोड :
पण मग सगळेच 'मला काय ठाऊक' म्हणून सुटतील. ज्यांचं पुस्तक असं फिरतं त्या लेखकाने जायचं कुठे? कुसुमाग्रज १९९९ साली गेले. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं या नियमाने त्यांच्या लेखनाचा प्रताधिकार २०५९ अखेरपर्यंत आहे. जुन्या अंकात छापलंय म्हणून ते मोकळं होत नाही.

जुने सीबीएस :
ताई, तुमचा मुद्दा शंभर टक्के मान्य, आणि पंचवटीच्या गटाने प्रत्येक अंक त्या कसोटीवर तपासायला हवा. आपण काय चढवतो हे त्यांना माहीत असतं, तिथे अज्ञानाची सबब चालणारच नाही. दुसऱ्याचा तुकडा सांभाळणाऱ्याचा प्रश्न वेगळा आहे, आणि तिथे 'ठाऊक' या शब्दावरच सगळा खटला फिरतो. श्रेया सिंघल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी कलम ७९ मधल्या 'प्रत्यक्ष माहिती'चा अर्थ न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची अधिसूचना असा लावला. प्रताधिकाराच्या बाबतीत दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मायस्पेस या संकेतस्थळाच्या प्रकरणात नेमक्या कृती दाखवणारी मालकाची नोटीसही पुरते असं धरलं. मात्र 'इथे चोरीचा माल असू शकतो' एवढी मोघम जाणीव पुरत नाही. म्हणून मी 'जाणीव' आणि 'प्रत्यक्ष माहिती' हे शब्द कधीही एकमेकांच्या जागी वापरत नाही. आणि जो मुद्दाम चिथावतो किंवा मदत करतो त्याला कलम ७९ चं संरक्षण मिळतच नाही, मग तुकडा कितीही कूटबद्ध असो.

'मध्यस्थ'बद्दलही सांगते. आपल्याकडे लासलगाव-पिंपळगावच्या बाजारात मध्यस्थ म्हटलं की आडत घेणारा, भाव ठरवणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. कायद्यातला मध्यस्थ म्हणजे दुसऱ्याच्या वतीने इलेक्ट्रॉनिक नोंद स्वीकारणारा, साठवणारा किंवा पाठवणारा. व्याख्या इतकी रुंद आहे की माझ्या वाचनाप्रमाणे घरी तुकडा ठेवणारा सभासदही तिच्यात बसतो. उत्तरात तो शब्द लिहिताना व्याख्येचा उल्लेख करा, नाहीतर तो सौदा जुळवणारा वाटेल.

'जबाबदार धरण्यात येईल' याच्या उत्तरात मात्र 'आम्ही जबाबदार नाही' लिहू नका. जबाबदारी नाकारली की बेफिकिरी दिसते. 'दायित्व' लिहा, त्यात फक्त कायदेशीर देणं येतं.

पंचवटी :
मसुदा असा केला आहे : 'आपण निर्देशिलेली कृती, तिचा अंक व पृष्ठ, तसेच आपल्या मालकीचा आधार कळवावा. माझ्या ताब्यात केवळ कूटबद्ध तुकडा असून तो वाचण्याची किल्ली माझ्याकडे नाही. तपशील मिळताच माझ्या संगणकावरून त्या तुकड्याचा पुरवठा मी थांबवीन. इतरांच्या ताब्यातील तुकड्यांवर माझे नियंत्रण नाही. यातून माझे कोणतेही दायित्व मान्य केले असे समजू नये.'

जुने सीबीएस :
'पुरवठा थांबवीन' उत्तम. जे त्याच्या हातात आहे तेवढंच तो कबूल करतो आहे. 'केवळ' काढा, वकिली वास येतो. आणि किल्ली गटातल्या दुसऱ्या कुणाकडे असेल तर ते लपवू नका. तो अंक तुमच्याच गटाने चढवलेला असेल तर उत्तर गटाच्या नावाने जायला हवं, त्या एकट्याच्या नाही.