नवरा म्हणतो मी सेक्स ॲडिक्ट आहे. हा खरंच आजार की पळवाट? आणि माझं काय?

घणसोलीची_मी:
नाव अर्थातच खरं नाही. लग्नाला बरीच वर्षं झालीत, मुलगी आठवीत आहे. दिवाळीच्या साफसफाईत नवऱ्याचा जुना फोन हाती लागला, त्यात ॲप्स आणि पेमेंटचे मेसेज सापडले. मग एकेक बाहेर यायला लागलं, आधी म्हणाला फक्त व्हिडिओ बघतो, मग म्हणे चॅटिंग होतं, मग परत भांडण झाल्यावर कबूल केलं की मसाज पार्लरला जायचो, पैसे देऊन. दर वेळी शपथ घेऊन सांगणार की आता हे शेवटचं, याच्यापुढे काही नाही. आता काउन्सेलरकडे जातो, रात्री ऑनलाइन मीटिंग करतो, आणि मला सांगतो हा आजार आहे तू सपोर्ट कर. सासूबाई म्हणतात सुधारतोय ना तो, मग किती ताणशील.
तो सुधारतोय आणि मी बिघडतेय असं झालंय. झोप नाही. ट्रेनमध्ये सारखं त्याचं लोकेशन उघडून बसते, त्याचं ऑफिस महापेला आहे आणि निळा ठिपका तुर्भ्याला दिसला की हात थरथरतात, ऐरोलीला उतरायचं विसरून एकदा थेट ठाण्याला पोचले. परवा भाजी घेताना समोर स्पाचा बोर्ड दिसला आणि मी निवडलेली गवार तशीच टोपलीत टाकून घरी आले. मला वेड लागतंय का? आणि हे ॲडिक्शन वगैरे खरं असतं का?

कळव्याचा_दादा:
ताई, मी तुमच्या नवऱ्याच्या पंगतीतला, रिकव्हरीत आहे, त्यामुळे वाचून राग आला तर हक्काने सुनवा.
आजार खरा आहे. डब्ल्यूएचओच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत, जी २०२२ पासून लागू झाली, कंपल्सिव्ह सेक्शुअल बिहेवियर डिसऑर्डर म्हणून नोंद आहे. पण दोन गोष्टी नवरे सांगत नाहीत. एक म्हणजे तो तिथे ॲडिक्शनमध्ये धरलेला नाही, आवेगावर ताबा न राहण्याच्या गटात आहे, आणि डीएसएम-५ या अमेरिकन मानसिक आजारांच्या यादीत तर त्याला वेगळी जागाच नाही. दुसरं, पकडला गेला म्हणून लाज वाटली किंवा आपण पाप केलं असं वाटलं एवढ्यावर हे निदान होत नाही. साधारण सहा महिने किंवा जास्त काळ आवर घालायचा प्रयत्न फसतोय आणि घर, काम, तब्येत यांचं नुकसान होऊनही चालूच आहे, असं दिसावं लागतं. ते सायकियाट्रिस्टने ठरवायचं, यूट्यूब बघून नाही.
आणि आजार आहे म्हणजे खोटं बोलणं माफ, असं कुठेच लिहिलेलं नाही. ओढ लागणं आजारात येईल, पण तुमच्या तोंडावर शपथ घेताना तो पूर्ण शुद्धीत होता.
त्याला विचारा तुझ्या आतल्या वर्तुळात काय काय आहे. त्याच्या मीटिंग बहुतेक एसएएच्या असतील, म्हणजे सेक्स ॲडिक्ट्स ॲनॉनिमस, १९७७ मध्ये अमेरिकेत सुरू झालेला ग्रुप, दारूवाल्यांच्या एएसारख्याच बारा पायऱ्या. तिथे तीन वर्तुळं काढतात, सगळ्यात आत त्या गोष्टी ज्या केल्या की सोबर राहणं मोडलं. नीट काम करणारा माणूस न अडखळता सांगेल. त्याचा स्पॉन्सर, म्हणजे ग्रुपमधला त्याला सांभाळणारा जुना सदस्य, पण असेल, तर रात्री अकराला ओढ लागली की फोन स्पॉन्सरला जायला हवा. तुम्ही त्याच्या वॉचमन नाही.

वाशी_मनमोकळं:
काउन्सेलिंगमध्ये काम करते. घणसोली, वेड नाही लागलेलं. बोर्ड बघून पळणं, झोप उडणं, सारखं तपासणं, मोठ्या धक्क्यानंतर असंच होतं. बिट्रेयल ट्रॉमा, म्हणजे विश्वासघाताने बसलेला मानसिक धक्का, ही कल्पना जेनिफर फ्रेड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी नव्वदच्या दशकात मांडली, मुळात लहानपणी ज्यांच्यावर अवलंबून असतो त्यांनीच केलेल्या अत्याचाराबद्दल. ज्याच्या आधारावर जगतो त्याचाच धोका दिसला तरी मन बघायचं टाळतं, असं त्यांचं म्हणणं. बायका विचारतात ना मला इतकी वर्षं कसं कळलं नाही, त्याचं बरंचसं उत्तर यात आहे. हे वेगळं अधिकृत निदान नाही, पण त्रास खरा आणि उपचारही आहेत.
मात्र तुमचा थेरपिस्ट वेगळा हवा, त्याच्या काउन्सेलरकडे जोडीने बसून भागत नाही. ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे, १९९० पासून काम चालू आहे, तिथे चौकशी करा. रात्री-अपरात्री फारच झालं तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात.
सगळ्यात जास्त छळतं ते हप्त्याहप्त्याने येणारं खरं, दर हप्त्याला जखम परत पहिल्यापासून. म्हणून त्याने काउन्सेलरच्या मदतीने सगळं एकदा लिहून काढायचं आणि एका बैठकीत सांगायचं, तुमचा थेरपिस्ट शेजारी असताना. किती वर्षं, कुठल्या प्रकारचं, पैसे किती, तब्येतीला धोका काय, एवढं. बारीकसारीक वर्णनं मागू नका, ती नंतर डोळ्यासमोरून जात नाहीत.
आणि टेस्ट केलीत का?? हे सगळ्यात आधी. सरकारी हॉस्पिटलच्या आयसीटीसीमध्ये, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, एचआयव्ही तपासणी मोफत असते, रिझल्ट गुप्त ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. सिफिलिस, हिपॅटायटिस बी पण विचारा. लगेचच्या टेस्टमध्ये अलीकडची लागण सुटू शकते, म्हणून परत कधी करायची ते तिथेच विचारा. माहिती हवी तर एचआयव्हीची हेल्पलाइन १०९७.

खारेगाव_एक्स्प्रेस:
एवढा अभ्यास कशाला, सरळ वकील गाठ बाई. आज आजार, उद्या रिलॅप्स, परत घसरलो म्हणेल, परवा तुझ्यामुळे झालं म्हणेल.

कळव्याचा_दादा:
तिसरं म्हणाला तर मीच वकिलाचा नंबर देईन. पण त्या तिथपर्यंत आल्यात का हे त्यांना ठरवू द्या ना.

पाचपाखाडी_७२:
वकिलाकडे जाणं म्हणजे घटस्फोटच असं नाही, काय हक्क आहेत ते तरी कळतं. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ४९७ कलम काढलं, त्यामुळे व्यभिचार आता गुन्हा नाही, पण घटस्फोटाचं कारण म्हणून अजून चालतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बायकांना मोफत वकील मिळतो, पगार कितीही असो. आणि तो पैसे कुठून द्यायचा ते बघा, माझ्याकडे क्रेडिट कार्डाचं कर्ज निघालं होतं, ते कळल्यावर मी आधी माझा पगार वेगळ्या खात्यात वळवला. आम्ही अजून एकत्र आहोत, पण खातं वेगळंच आहे.

घणसोलीची_मी:
टेस्टचं डोक्यातच आलं नव्हतं, हाफ डे टाकून जाते. सोडायचं की नाही आत्ता खरंच माहीत नाही. पण मुलीचं काय करू? काल विचारत होती बाबा हॉलमध्ये का झोपतात.

वाशी_मनमोकळं:
'पाठ दुखते' वगैरे सांगू नका, आठवीतल्या मुलीला सगळं जाणवतं. बाबाने माझा विश्वास मोडलाय, आम्ही दोघं मदत घेतोय, यात तुझी काही चूक नाही आणि तुला कुणाची बाजू घ्यायची नाही, एवढंच सांगा, शक्यतो त्यानेही समोर बसून. तपशील नको. आणि आजीला तिच्यासमोर हा विषय काढू देऊ नका, ते त्याने स्वतः त्याच्या आईला सांगायचं, तुम्ही नाही.