सल्ला हवा: सैन्यातला तंत्रज्ञ, पुढे इंजिनिअरिंग आणि प्रॉडक्ट मॅनेजमेंट

सोल्डरगन: काम रडार देखभालीचं, डिप्लोमा झालाय. सेवा संपायला दीड वर्ष. आठवड्याला जेमतेम 8 तास अभ्यासाला निघतात, पूर्णवेळ कॉलेज जमणार नाही. शेवटी प्रॉडक्ट मॅनेजर व्हायचंय. पहिली नोकरी कुठली धरावी: टेस्ट, फील्ड सर्व्हिस की थेट प्रॉडक्ट?

लाप्लास: पूर्णवेळ पदवीच करा. बिघाड शोधणं वेगळं आणि कंट्रोल लूप (मोजमाप पाहून यंत्राला आपोआप सावरणारी साखळी) हेलकावे का खातो हे गणिताने दाखवणं वेगळं. फेज मार्जिन (लूप अस्थिर व्हायला किती अंतर उरलंय ते) काढता येत नसेल तर डिझाइनमध्ये निभाव लागत नाही.

उंबरठा: अहो, 8 तास म्हणालेत ते. टेस्ट इंजिनिअर व्हा. पायथॉनमधून मीटर, ऑसिलोस्कोप चालवायला शिका. पास-फेलची हद्द नीट लावा: सप्लाय 4.75 ते 5.25 व्होल्ट चालतो आणि मोजमापात 0.02 इकडेतिकडे होतं, तर 4.77 ते 5.23 एवढंच पास. नाहीतर काठावरचे खराब बोर्ड ग्राहकाकडे जातात.

चार्टवाली: पीएमपी (प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं प्रमाणपत्र) करून टाका, जाहिरातींत मागतात.

उंबरठा: ते प्रोजेक्टवाल्यांचं. काय बनवायचं आणि काय नाही, हे प्रॉडक्टवाला ठरवतो.

चार्टवाली: वेळापत्रक न कळणारा प्रॉडक्ट मॅनेजर टीमला नकोसा होतो. कराच.

जुनापाना: रेझ्युमेत यंत्रणेचं मॉडेल, फ्रिक्वेन्सी, तुकडीचं ठिकाण घालू नका. मजकूर सुरक्षा अधिकाऱ्याला आधी दाखवा. हुद्दा बाहेर कुणाला कळत नाही. किती जणांचं काम पाहिलं, दुरुस्तीचा वेळ कितीवरून कितीवर आणला, ते लिहा.

तिसरीपाळी: उपलब्धता, म्हणजे यंत्र किती टक्के वेळ चालू असतं ते: एमटीबीएफ (दोन बिघाडांमधला सरासरी वेळ) भागिले एमटीबीएफ आणि एमटीटीआर (दुरुस्तीचा सरासरी वेळ) यांची बेरीज. 400 तासांनी बिघाड, दुरुस्तीला 8 तास: 98.04 टक्के. दुरुस्ती 4 तासांवर आणा, 99.01. बिघाड 800 तासांवर नेलात तरी 99.01च! पण 800 साठी नवे पार्ट, नव्या चाचण्या. 4 साठी कधीकधी कनेक्टर पुढच्या पॅनलवर आणणं, निसटून आत न पडणारे स्क्रू लावणं आणि फॉल्ट कोडमध्ये नेमकं कार्ड सांगणं पुरतं. ज्याचे हात त्या डब्यात गेलेत त्याला हे आधी सुचतं. म्हणून रिलायबिलिटीतून (यंत्र किती भरवशाचं ते पाहणाऱ्या कामातून) शिरा. एफएमईए (काय कसं बिघडेल आणि परिणाम काय, याचा तक्ता) शिका; दर ओळीला गुण: तीव्रता, वारंवारता, बिघाड हुकण्याची शक्यता, प्रत्येकी 1 ते 10, तिन्हींचा गुणाकार. गुणाकार लहान आला तरी तीव्रता 9-10 असेल तर ती ओळ सोडायची नाही.

लाप्लास: आधी पदवी, मग हे सगळं.

सोल्डरगन: सगळ्यांचे आभार. फील्ड सर्व्हिस धरतोय. टेस्ट बेंचवर बोर्ड भेटतो, यंत्र बंद पडल्यावर खोळंबलेला माणूस भेटत नाही. दर भेटीची नोंद ठेवीन, डबा उघडण्यात गेलेला वेळ वेगळा. पीएमपी आत्ता नाही. 8 तास पायथॉन आणि एफएमईएला.

उंबरठा: फिरतीत 8 तास मिळायचे नाहीत, बघा.

तिसरीपाळी: पार्ट येण्याची वाट पाहिलेला वेळही वेगळा लिहा. तो दुरुस्तीच्या वेळेत मिसळला की दोष डिझाइनचा की गोदामाचा, कळत नाही.