बर्लिनचा राजवाडा पुन्हा बांधला, यात इतिहास जपला की पुसला?

उंबरठा: प्रशियाच्या राजांचा बर्लिनमधला वाडा महायुद्धात जळला आणि १९५० साली पूर्व जर्मनीच्या सरकारने तो सुरुंग लावून पाडला. त्या जागी १९७६ मध्ये 'पलास्ट डेर रेपुब्लिक' (प्रजासत्ताकाचा प्रासाद) आलं. एकाच छपराखाली संसद, नाट्यगृह, उपाहारगृहं, अगदी बोलिंगसुद्धा! पूर्व जर्मनीने पश्चिमेत सामील व्हायचा ठराव २३ ऑगस्ट १९९० रोजी इथेच केला. २००८ पर्यंत तीही इमारत जमीनदोस्त. आता तिथे हुम्बोल्ट फोरम हे संग्रहालय आहे, बाहेरून तीन बाजूंना जुन्या वाड्यासारखं नक्षीदार बरोक, आत काँक्रीट. एका राजवटीने केलेली चूक दुसरीने फिरवून केली, याला जतन म्हणायचं?

चौकोनी चिरा: पलास्टमध्ये फुप्फुसांना घातक असं अ‍ॅस्बेस्टॉस होतं, ते काही पाडण्यासाठी रचलेलं निमित्त नव्हतं. शिवाय समोरचं वास्तुकार शिंकेलचं संग्रहालय वाड्याकडे तोंड करून बांधलेलं आहे. वाडा नसताना तो सगळा चौक उघडा पडला होता. आणि चौथी बाजू नव्या वाड्याचा वास्तुकार फ्रँको स्टेलाने सरळ आधुनिकच ठेवलीय, फसवणूक कुठे आहे?

उंबरठा: अ‍ॅस्बेस्टॉस आधीच काढून झालं होतं, मग पाडली! उरलेला सांगाडा वापरता आला असता. नदीतल्या त्याच बेटावर वास्तुकार चिपरफील्डने युद्धात मोडलेलं नॉयेस म्युझियम कसं उभं केलं पाहा: पडलेला भाग साध्या विटांत नवा, गोळ्यांच्या खुणा तशाच. २००९ पासून लोक ते बघतायत.

चौकोनी चिरा: तिथे निम्म्या भिंती तरी उभ्या होत्या. इथे काय जपणार होतात, हवा?

गल्लीबोळ: मधेच एक गंमत. १९१८ साली डाव्या क्रांतिकारकांचा नेता कार्ल लीबक्नेख्तने समाजवादी प्रजासत्ताकाची घोषणा वाड्याच्या एका दरवाजावरच्या सज्जातून केली, म्हणून कम्युनिस्टांनी तेवढाच दरवाजा वाचवला आणि १९६४ मध्ये शेजारच्या, पूर्व जर्मनीच्या राज्य परिषदेच्या इमारतीत बसवला. आता नव्या वाड्यालाही त्याच दरवाजाची प्रतिकृती आहे. म्हणजे चार पावलांवर दोन! कोणता थर सोयीचा, हे दोन्ही बाजूंनी आपापल्या मापाने ठरवलं.

चौकोनी चिरा: ठरवणारच. वाडा पुन्हा बांधायचं २००२ मध्ये एकत्र झालेल्या जर्मनीच्या संसदेने मतदान करून ठरवलं, हुकूम काढून नाही.

उंबरठा: मतदान झालं म्हणून पलास्टमध्ये नाटकं पाहिलेल्यांच्या आठवणी रद्द होतात का? घुमटावरचा क्रॉससुद्धा परत आला. पलास्टच्या वाट्याला मात्र आत मांडलेल्या चार वस्तू.