तारीख कोर्ट देतं, मुदत आपणच सांभाळायची: वकिलांनो, तुमचे अनुभव लिहा

वकिली करणाऱ्या सगळ्यांना आमंत्रण. पुढची तारीख कोर्ट देतं, ती ई-कोर्ट्सच्या ॲपवर दिसते, वेळ पडली तर पक्षकारच फोन करून आठवण देतो. मुदतीचं तसं नाही. अपिलाचे दिवस, नोटिशीचे दिवस, कैफियतीचे (दाव्याला लेखी उत्तर देण्याचे) दिवस कुठल्याच बोर्डावर, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामांच्या यादीत, लागत नाहीत. आणि पक्षकाराचं घर, जमीन, कधी आयुष्यभराची पुंजी त्या दिवसांवर अवलंबून असते. कामाच्या रगाड्यात तुम्ही हे कसं सांभाळता? ‘शिस्त हवी’ एवढंच लिहू नका, ते सगळ्यांना ठाऊक आहे. टेबलावर नेमकं काय करता ते सांगा. सुरुवात मी करते.

सांगली, दिवाणी

निकाल विरोधात गेला की अपील करायचं की नाही हे पक्षकार घरी बसून ठरवतो. तो ठरवेपर्यंत मी थांबत नाही, त्याच दिवशी निकालाच्या नकलेचा अर्ज टाकते. मुदत कायद्याच्या कलम १२ प्रमाणे नक्कल मिळायला लागलेला वेळ वजा होतो, पण अर्ज करण्याआधी आपण घालवलेले दिवस वजा होत नाहीत. नकलेवरच्या शिक्क्यात अर्ज कधी केला, नक्कल तयार कधी झाली, दिली कधी, हे सगळं असतं. तयार झालेली नक्कल आणायला आपण चार दिवसांनी गेलो तर ते चार दिवस आपल्याच अंगावर. म्हणून नक्कल हाती आली की शिक्का बघून फाइलच्या कव्हरच्या आत हिशोब मांडते: जिल्हा न्यायालयात ३० दिवस, उच्च न्यायालयात ९०. पूर्वी कागद मुंबईला पाठवायचे असल्याने शेवटची तारीख आठवडाभर आधीची धरायचे. १८ ऑगस्ट २०२५ ला कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, अंतर कमी झालं, पण तो आठवडा मी सोडलेला नाही. कोर्ट फी, राहिलेल्या सह्या, ऑफिसचे आक्षेप यांतच तो जातो.

पिंपरी, धनादेशाची प्रकरणं

माझ्याकडे कलम १३८ ची, म्हणजे न वटलेल्या धनादेशांची, कामं जास्त. पक्षकार खुर्चीत बसला की तो समोरच्याने कसं फसवलं ते सांगू लागतो. मी त्याला मध्येच थांबवून म्हणतो, ‘काका, आधी बँकेचा मेमो दाखवा.’ कारण धनादेश परत आल्याची खबर मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस गेली पाहिजे, आणि लोक बऱ्याचदा ‘देतो, देतो’ या बोलण्यावर तीन आठवडे घालवून येतात.

प्रत्येक फाइलच्या पहिल्या पानावर मी चार रकाने आखतो: मेमो मिळाला, नोटीस पाठवली, नोटीस पोचली, १५ दिवस संपले. तिसरा रकाना भरणं सगळ्यात जिकिरीचं. त्यासाठी पोस्टाच्या साइटवर रोज बघावं लागतं आणि ‘पोचली’ असं दिसलं की ते पान लगेच छापून फाइलला लावावं लागतं, पुढे ते मिळेलच असं नाही. समजा नोटीस १ तारखेला पोचली. १५ दिवस १६ ला संपतात, १७ ला फिर्यादीचं कारण घडतं आणि पुढच्या महिन्याच्या १७ पर्यंत फिर्याद दाखल व्हायला हवी. हा महिना कॅलेंडरचा. तीस दिवस धरून मोजणाऱ्यांची फेब्रुवारीत गफलत होते. माझ्या डायरीत मात्र १७ कधीच लिहिलेली नसते, १० लिहिलेली असते.

लातूर, दिवाणी आणि कौटुंबिक

घरी लहान मुलं आहेत, त्यामुळे रात्री जागून फाइली बघणं मला जमत नाही. आमचं काम संध्याकाळच्या अर्ध्या तासावर चालतं. कारकून मामा विचारतात, ‘ताई, उद्याचं बोर्ड वाचू का?’ ते रजिस्टरमधून नंबर वाचतात, मी ॲपवर तोच नंबर उघडते. दोन्हीकडची तारीख जुळली की मामा बरोबरची खूण करतात. जुळली नाही तर सकाळी कोर्टात जाऊन रोजनामा, म्हणजे कोर्टाची त्या प्रकरणातली रोजची नोंद, बघायचा. निव्वळ ॲपवर भिस्त ठेवणारे तरुण वकील मित्र मला जुन्या वळणाची म्हणतात. पण कोर्टातून माहिती भरली गेली नसेल तर ॲप जुनीच तारीख दाखवतं. न्यायाधीश साहेब रजेवर असताना तारीख ऑफिसमधून मिळते, ती आपल्या माणसाने तिथेच टिपलेली बरी.

मुंबई, वाणिज्य दावे आणि लवाद

ताई, तुमच्या मामांची पद्धत मला पटली. आमच्याकडे ऑफिसात सगळ्यांचं एकच कॅलेंडर आहे. नियम एवढाच की प्रत्येक मुदतीपुढे एका माणसाचं नाव हवं. ‘टीम बघेल’ असं लिहिलं की कुणीच बघत नाही.

साध्या दाव्यात ९० दिवसांनंतरही कोर्ट कधी कधी खर्च लावून कैफियत घेतं. त्या सवयीचा माणूस वाणिज्य दाव्यात फसतो. तिथे समन्स बजावल्यापासून १२० दिवस उलटले की कैफियतीचा हक्कच जातो, २०१९ च्या एससीजी कॉन्ट्रॅक्ट्सच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं आहे. लवादाच्या निवाड्याला लवाद कायद्याच्या कलम ३४ खाली आव्हान द्यायला तीन महिने, पुरेसं कारण असेल तर वर ३० दिवस, बस. ते ३० दिवस कोर्टाच्या सुट्टीत संपत असतील तर ‘कोर्ट उघडल्यावर टाकू’ म्हणू नका, २०१२ सालीच सर्वोच्च न्यायालयाने ती सवलत नाकारली आहे. मे महिना जवळ आला की मी अशा सगळ्या फाइली एप्रिलमध्येच बाहेर काढून बसतो.

नागपूर, फौजदारी

सांगलीच्या ताईंच्या मुदतीत पहिला दिवस सोडून मोजतात. आमच्याकडे उलट आहे. दोषारोपपत्र ६० किंवा ९० दिवसांत आलं नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो आणि त्यात पहिल्या रिमांडचा दिवस धरून मोजायचं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ठरवलं. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १६७ होतं, १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८७. दोषारोपपत्र आधी दाखल झालं आणि आपला अर्ज नंतर पडला तर हक्क गेला. म्हणून रिमांडच्याच दिवशी वकीलपत्रावर सही घेताना अर्जाचा मसुदा तयार करून ठेवतो आणि ते ६० किंवा ९० दिवस संपल्यावरच्या पहिल्या सकाळी कोर्टाचं ऑफिस उघडायच्या आधी दारात असतो. आत एक माणूस बसलेला असतो, त्याच्या एका दिवसाची किंमत त्याच्या घरच्यांना विचारा.

कणकवली, महसूल

फेरफाराच्या आदेशावर अपिलाला ६० दिवस असतात, आदेश जिल्हाधिकाऱ्यांचा असेल तर ९०. पण माझा पक्षकार शेतकरी. भाऊ मुंबईला, सातबारा चुलत्याच्या नावे आणि आदेशाचा कागद कपाटात. त्यामुळे मी पहिल्याच भेटीत विचारतो, ‘कागद हातात कधी आला? लिफाफा आहे?’ लिफाफ्यावर पोस्टाचा शिक्का असतो. तो सापडला तर आदेशासोबत टाचून ठेवतो. उशीर झालाच असेल तर विलंब माफीच्या अर्जाला त्याचा आधार होतो. आता गावातल्या ओळखीच्यांना मी सांगूनच ठेवलंय की तहसीलचं काहीही आलं तर उघडा, वाचा, पण पाकीट फेकू नका, आणि त्याच आठवड्यात मला फोटो पाठवा. बरेच जण पाठवतात.