‘एक्सपोर्ट’ : नाम आणि क्रियापद

‘एक्सपोर्ट’ हा शब्द नाम असो वा क्रियापद, त्यात काहीच फरक पडत नाही, असे काहीजण म्हणतात. स्पेलिंगपुरते ते खरे आहे, उच्चारापुरते नाही. नाम असताना आघात (उच्चारातला जोर) ‘एक्स’वर येतो आणि क्रियापद असताना सहसा ‘पोर्ट’वर. ‘परमिट’चेही तसेच.

आम्हा सोलापूरकरांची अडचण मात्र निराळी आहे. मराठीत आपण इंग्रजी शब्द उचलून त्याला ‘करणे’ जोडतो, त्यामुळे टेरी टॉवेलच्या धंद्यातली मंडळी ‘आम्ही टॉवेल एक्सपोर्ट करतो’ हे वाक्य इंग्रजीत नेताना ‘वी डू एक्सपोर्ट ऑफ टॉवेल्स’ असे सर्रास लिहून जातात. (मीही पहिल्या व्यावसायिक पत्रात हेच लिहिले होते, तेही ठळक अक्षरांत.) इंग्रजीत हा शब्द स्वतःच क्रियापदाचे काम करतो, म्हणून ‘वी एक्सपोर्ट टॉवेल्स’ एवढे पुरते, ‘डू’ आणि ‘ऑफ’ दोन्ही गळतात. ‘वी डू एक्सपोर्ट टॉवेल्स’ हे वाक्य व्याकरणाने चुकीचे नाही, परंतु त्याचा अर्थ ‘आम्ही निर्यात करतोच’ असा होतो, जणू समोरच्याने आधी शंका घेतली होती.