नाँग खाईचा पूल ओलांडून लाओसला जाताना व्हिसा एजंट कसे टाळायचे?

बाळीवेस
सोलापूरहून आम्ही चौघं जातोय, आई-वडील सोबत. बँकॉकहून रात्रीच्या रेल्वेनं थायलंडच्या सीमेवरचं नाँग खाई, तिथून पूल ओलांडून लाओसची राजधानी व्हिएन्तान. स्टेशनवरचे टुकटुकवाले परस्पर 'व्हिसा ऑफिस'ला नेतात म्हणे. खरं का? आणि डॉलर इथूनच न्यावेत का?

सातरस्ता
खरं आहे. टुकटुक पुलाच्या अलीकडं एका दुकानापुढं थांबते. आत टेबल, फॉर्मचा गठ्ठा, गळ्यात ओळखपत्र घातलेला माणूस. बघणाऱ्याला सरकारी कचेरीच वाटते. पण ते नुसता फॉर्म भरून देतात आणि त्याचेच पैसे लावतात. व्हिसा पलीकडंच मिळतो, फॉर्मही तिथं फुकट असतो.

बसायच्या आधीच 'फ्रेंडशिप ब्रिज, थाई इमिग्रेशन' सांगून भाडं ठरवा. मधे थांबवलं तर उतरू नका, पासपोर्ट बाहेर काढू नका. थाई बाजूला देश सोडल्याचा शिक्का घ्यायचा आणि तो उमटलाय का, तारीख बरोबर आहे का, हे खिडकीसमोरच बघायचं. पूल सव्वा किलोमीटरच्या आतबाहेर आहे, पण चालत जाऊ देत नाहीत. शटल बसचं तिकीट काढा. उतरल्यावर 'व्हिसा ऑन अरायव्हल'ची, म्हणजे पोहोचल्यावर व्हिसा देणारी खिडकी दिसेल.

होटगी रोड
डॉलर इथूनच घेऊन जावा. भारतीयांना साधारण ४० डॉलर पडतात, तिथला फलक वाचूनच द्या. थाई चलनात, म्हणजे बाहतमध्ये भरलं तर तोच व्हिसा महाग पडतो, कारण खिडकीवर बाजारभाव चालत नाही, त्यांचा ठोक आकडा असतो. माणशी २० च्या दोन आणि १ च्या चार-पाच नोटा ठेवा. शनिवार-रविवारी किंवा कामाच्या वेळेबाहेर एखादा डॉलर जादा घेतात, आणि मोठी नोट दिली की सुट्ट्यांवरून अडतं. कड फाटलेली किंवा पेन लागलेली नोट परत करतात, म्हणून मनी चेंजरकडं एकेक नोट उलटून बघा. पासपोर्टला ६ महिने मुदत, कोरी पानं आणि दोन-दोन फोटो हवेत.

पलीकडं शून्यांचा घोळ असतो. लाओसचं चलन किप; २,००० आणि २०,००० किपची नोट घाईत सारखीच वाटते. कुणी नुसतं 'फिफ्टी' म्हणालं तर ते बाहत की हजार किप, माणशी की सगळ्यांचे मिळून, हे मोबाइलवर आकडा टाकून दाखवा. व्हिएन्तान शहर तिथून वीसेक किलोमीटर आहे. १४ नंबरची बस तलात साओ बाजारापर्यंत जाते. सामान कमी असेल तर तीच घ्या.

बाळीवेस
परत थायलंडमध्येच यायचंय. तेव्हा काय लागेल?

सातरस्ता
थायलंडचं डिजिटल अरायव्हल कार्ड, म्हणजे आगमनाचा ऑनलाइन फॉर्म, पुन्हा भरावं लागतं. १ मे २०२५ पासून ते सक्तीचं आहे, येण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं, पूर्ण मोफत. सर्चमध्ये वरच्या जाहिरातींतल्या साइट त्याचे पैसे मागतात. पत्त्याच्या शेवटी 'गो डॉट टीएच' असेल तीच खरी. आणि तुमची थायलंडची एंट्री एकदाचीच असेल तर पूल ओलांडताच ती संपते. म्हणून निघण्याआधी री-एंट्री परमिट (त्याच एंट्रीवर परत यायची परवानगी) काढायचं की परतीला नव्यानं प्रवेश मिळतो, हे आई-वडिलांच्या पासपोर्टसह चौघांचं तपासा.