२५ हजारांत प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम: कोणती जोडी घ्यावी?

जुना डबा:
मंडळी, सध्याची मशीन अशी: आय५-४४६०, एच८१ बोर्ड, ८ जीबी डीडीआर३, जीटीएक्स १०५० टीआय, २४० जीबी साटा एसएसडी, १ टीबी हार्ड डिस्क, ४५० वॅटचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय). विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ च्या यादीत हा प्रोसेसर नाही. काम म्हणजे ऑटोकॅड (फक्त टूडी), एक्सेल आणि महिन्यातून दोन-तीन १०८०पी व्हिडिओंचं एडिटिंग. गेमिंग नाहीच. ग्राफिक्स कार्ड, डिस्क आणि कॅबिनेट तेच ठेवायचंय.

दुकानदाराने तीन पर्याय दिलेत:
१) रायझन ५ ५६००जी + ए५२० + १६ जीबीची एकच स्टिक
२) आय३-१२१००एफ + एच६१० + ८ जीबीच्या दोन
३) आय५-१२४००एफ + बी७६० + ८ जीबीच्या दोन

यातलं काय घेऊ? की चौथंच काही?

कंडेन्सर:
आधी रॅम ठरवा, मग बोर्ड, प्रोसेसर शेवटी. एरवी उलट सांगितलं असतं. पण मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांनी आपली क्षमता एआय सर्व्हरकडे वळवल्यापासून, म्हणजे २०२५ च्या अखेरीपासून, रॅमचे भाव पार बिघडलेत. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रूशियल हा किरकोळ विक्रीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. तुमच्या बजेटचा मोठा लचका रॅमच तोडणार, म्हणून डीडीआर५ (रॅमची नवी पिढी) आणि त्याबरोबर ती लागणारं एएमडीचं एएम५ सॉकेट (प्रोसेसर बसायची जागा) बाद. जुनी डीडीआर३ कुठेच चालणार नाही. तिला २४० पिना, डीडीआर४ ला २८८.

उरले डीडीआर४ वाले दोन सॉकेट, एएम४ (तुमच्या यादीतल्या रायझनचं) आणि एलजीए१७०० (दोन्ही इंटेलचं). दोन्हींचा रस्ता पुढे बंद आहे हे धरूनच चाला. पुढच्या वेळी पुन्हा बोर्ड आणि रॅम दोन्ही बदलावी लागणार.

आता तुमचे पर्याय. ५६००जी चांगला, पण ज्याच्याकडे ग्राफिक्स कार्ड नाही त्याच्यासाठी. साध्या ५६०० मध्ये ३२ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) आहे, ५६००जी मध्ये १६. शिवाय ५६००जी पीसीआयई ३.० वरच (कार्ड-डिस्क जोडणीच्या जुन्या वेगावरच) थांबतो. त्यातलं ग्राफिक्स सिस्टिमच्याच रॅमवर जगतं, आणि तुम्हाला देतायत एकच स्टिक! म्हणजे ज्यासाठी जास्तीचे पैसे मोजायचे, तेच लंगडं.

१२१००एफ ला चार कोअर, आठ थ्रेड. ऑटोकॅड टूडीला कोअरची संख्या नाही, एका कोअरचा वेग लागतो, त्यामुळे नुसतं कॅड-एक्सेल असतं तर मी हाच घ्या म्हटलं असतं. व्हिडिओ एक्स्पोर्ट करताना मात्र सहा कोअर लागतात.

माझं मत: सहा कोअरचा आय५-१२४००, एफ नसलेला (एफ म्हणजे आतलं ग्राफिक्स नाही). फरकाच्या पैशात यूएचडी ७३० ग्राफिक्स येतं. त्यातल्या क्विक सिंकमुळे (व्हिडिओ उलगडणारी यंत्रणा) मोबाईलचे एच.२६५ व्हिडिओ टाइमलाइनवर अडखळत नाहीत, आणि उद्या १०५० टीआय ने मान टाकली तरी स्क्रीन चालू राहते. एक गोम आहे. कार्ड लावलं की बरेच बोर्ड आतलं ग्राफिक्स आपणहून बंद करतात. बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंग्जमध्ये) 'आयजीपीयू मल्टी-मॉनिटर' चालू करा, नाहीतर एफ नसलेला घेऊन उपयोग शून्य.

चौथा स्लॉट:
प्रोसेसरबाबत +१. बोर्डाबाबत सावधान! एलजीए१७०० चे बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारांत येतात आणि नावं जवळपास तीच असतात. असूसच्या नावाशेवटी 'डी४' लागतो, गिगाबाइट आणि एमएसआयच्या शेवटी अख्खं 'डीडीआर४'. गिगाबाइटचा 'एच६१०एम एच व्ही२' हा डीडीआर५ आणि 'एच६१०एम एच व्ही२ डीडीआर४' हा डीडीआर४! कोटेशनवर नुसतं 'बी७६०' लिहिलेलं चालवून घेऊ नका, पूर्ण मॉडेल लिहून मागा. चुकीची स्टिक खाचेमुळे बसतच नाही, आणि तोवर बोर्डाचं खोकं फोडलेलं असतं.

एच६१० ला दोनच स्लॉट. दोन्हींत ८-८ घातली की पुढे वाढवायला जागा नाही, आहे ती काढून विकायची. रॅम महाग असताना थोडी घेऊन नंतर वाढवायची तर चार स्लॉट हवेत. उदाहरणार्थ गिगाबाइट बी७६०एम डीएस३एच डीडीआर४. बी७६० नावाच्या काही स्वस्त बोर्डांनाही दोनच स्लॉट असतात, फोटो बघून मोजा.

पक्कड:
चार स्लॉटसाठी एवढा खर्च कशाला? एच६१० घ्या, १६ ची एकच स्टिक लावा, भाव उतरले की दुसरी. १२४०० ची पूर्ण ताकद एच६१० वरही मिळते. डीडीआर४-३२०० पर्यंत एच६१० पुरतो, आणि के नसलेल्या (ओव्हरक्लॉक न होणाऱ्या) १२४०० वर ३६०० च्या मागे लागण्यात अर्थ नाही. त्याचं सिस्टिम एजंट (मेमरी कंट्रोलरचं) व्होल्टेज लॉक असतं, गिअर १ मध्ये (कंट्रोलर रॅमच्याच वेगाने चालताना) ३६०० टिकेलच असं नाही.

चौथा स्लॉट:
@पक्कड, मुद्दा बरोबर, पण एक स्टिक म्हणजे एकच चॅनल, बँडविड्थ निम्मी. कॅडला कळणार नाही, पण वर @कंडेन्सर म्हणाले ते यूएचडी ७३० वापरायचं असेल तर त्याला कळेल. आणि वर्षभराने 'तीच' स्टिक घेतली तरी आतल्या चिप वेगळ्या निघू शकतात. मग एक्सएमपी (रॅमचा जाहीर वेग चालू करणारं बायोसमधलं सेटिंग) लावली की मशीन अधूनमधून रीस्टार्ट. ३२०० सीएल२२ (सीएल म्हणजे रॅमच्या उत्तराचा विलंब), १.२ व्होल्टची साधी स्टिक घेतली तर ही कटकट कमी, कारण ती एक्सएमपीशिवायच ३२०० वर चालते. सीएल१६ वाली १.३५ व्होल्टवर, एक्सएमपी चालू केल्यावरच.

जुना डबा:
सीएल१६ च्या ८-८ जीबीच्या दोन घेतल्या तर एक्सएमपी लागली की नाही हे कसं कळणार? आणि एसएमपीएस जुनाच चालेल का?

चौथा स्लॉट:
टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, मेमरी. तिथे वेग २१३३, २४०० किंवा २६६६ दिसला तर एक्सएमपी बंद आहे. चार स्लॉटच्या बोर्डावर दोन स्टिक प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. शेजारी-शेजारी लावल्या तर दोन्ही एकाच चॅनलवर जातात.

कंडेन्सर:
एसएमपीएस: १२४०० कमाल ११७ वॅट ओढतो, १०५० टीआय ७५. वॅटेज पुरेसं आहे, प्रश्न वयाचा आहे. ४४६० बरोबर घेतलेला असेल तर दहा वर्षं झाली, कपॅसिटर सुकलेले असणार. मी बदलला असता: ४५० वॅट, ८० प्लस ब्राँझ (कार्यक्षमतेचा शिक्का), प्रोसेसरसाठी ४+४ पिनांची वायर असलेला. हार्ड डिस्कच्या वायरीतून प्रोसेसरला वीज देणारं कन्व्हर्टर लावू नका, वायर तापून वितळते.

पक्कड:
जोडणीच्या चार गोष्टी, कारण गोंधळ तिथेच होतो.

प्रोसेसरचा जुना पंखा एलजीए१७०० वर बसत नाही. तुमच्या सॉकेटच्या छिद्रांत ७५ मिलिमीटर अंतर, यात ७८. प्रोसेसरच्या बॉक्समधला लॅमिनार पंखाच वापरा, आणि तो बोर्ड कॅबिनेटबाहेर असताना लावा. चारही पिना बाणाच्या उलट दिशेला फिरवून ठेवा. बाण काढायची दिशा दाखवतो, लावायची नाही. मग समोरासमोरच्या तिरक्या जोड्या दाबा, प्रत्येकीचा 'टक्' असा आवाज यायला हवा. बोर्ड उलटा करून बघा: चारही छिद्रांतून प्लास्टिकचे पाय फाकून बाहेर आलेले दिसले पाहिजेत. एक जरी अर्धवट राहिला तरी एक्स्पोर्ट सुरू करताच पारा १०० अंशांवर जातो आणि प्रोसेसर वेग कमी करतो. लोक मग पेस्टला दोष देतात.

सॉकेटवरचं काळं झाकण आधी काढू नका, प्रोसेसर ठेवून दांडी दाबली की आपोआप उडतं. ते जपून ठेवा, वॉरंटीला बोर्ड पाठवताना पिनांवर लागतं.

एच८१ चे बरेच बोर्ड अरुंद असतात, बी७६०एम डीएस३एच २४.४ सेंटिमीटर रुंद आहे. कॅबिनेटमध्ये स्टँडऑफ (बोर्ड ज्यांवर टेकतो ते धातूचे खुंटे) नव्या छिद्रांप्रमाणे हलवा. बोर्डाखाली एखादा फालतू राहिला तर शॉर्ट होऊन मशीन सुरूच होणार नाही.

आणि विंडोज. जुनी एसएसडी बहुधा एमबीआर (डिस्क विभागणीची जुनी पद्धत) असेल. नवा बोर्ड यूईएफआय (नव्या पद्धतीच्या बायोस) मोडमध्ये तिला ओळखणार नाही, 'बूट डिव्हाइस नाही' म्हणेल. बोर्ड बिघडलेला नसतो! बॅकअप घेऊन जीपीटीवर (नव्या विभागणीवर) विंडोज ११ नव्याने टाका. विंडोज ११ ला लागणाऱ्या टीपीएमसाठी (सुरक्षेची यंत्रणा) बायोसमध्ये 'पीटीटी' चालू करा. लायसन्स जुन्या बोर्डाशी बांधलेलं ओईएम असेल तर ते नव्यावर चालणार नाही. रिटेल असेल तर आत्ताच मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडून घ्या.

जुना डबा:
सगळ्यांचे आभार. मग आय५-१२४००, बी७६०एम डीएस३एच डीडीआर४, ३२०० सीएल१६ च्या ८-८ जीबीच्या दोन. शनिवारी मुंबईत लॅमिंग्टन रोडला जातोय. एसएमपीएस बजेटमध्ये नाही बसला तर?

कंडेन्सर:
तर बोर्ड एच६१० करा आणि एसएमपीएस घ्या, उलट नको. शनिवारीच जा, रविवारी बहुतेक दुकानं बंद. भाव १८ टक्के जीएसटी धरून सांगितलाय का हे आधी विचारा. प्रोसेसर 'ट्रे' (खोक्याविना सुटा) नको, सीलबंद बॉक्स घ्या: तीन वर्षांची वॉरंटी आणि पंखा दोन्ही त्यातच येतात. बिलावर तिन्ही वस्तूंचे सीरियल नंबर लिहून घ्या. घरी आल्यावर मॉनिटरची वायर बोर्डाला नाही, १०५० टीआय ला लावा.